तांब्याच्या डायलचं मनगटी घड्याळ घरी कसं जुळवावं

मी केलेलं पहिलं घड्याळ बरोबर सहा वाजता थांबायचं. चावी ओढून काटे पुढे ढकलले की गडी पुन्हा चालू, आणि बारा तासांनी पुन्हा सहालाच मुक्काम. चार दिवस मी मशीनला शिव्या घातल्या. शेवटी भिंग लावून बघितलं, तर तास काटा सहाच्या खुणेला टेकत होता. खूण मीच चिकटवलेली, केसभर उंच. मशीन बिचारं निर्दोष.

असे घोळ तुमचे होऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी काही घड्याळजी नाही. आठवडाभर नोकरी आणि रविवारी हा उद्योग. आत्तापर्यंत तीन घड्याळं केली, त्यातलं तिसरं रोज हातात असतं. त्याच घड्याळाची ही कृती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘घरी केलेलं घड्याळ’ म्हणजे मशीन घरी केलेलं नव्हे. मशीन, केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर), काटे विकतच आणायचे. हाताने करायची ती डायल. घड्याळात माणूस दिवसभर बघतो ती डायलच, आणि घरच्या टेबलावर खरोखर जमण्यासारखी गोष्टही तीच आहे.

1. नमुना कोणता घ्यायचा

मी डोळ्यासमोर ठेवला तो पाटेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीचा कालात्राव्हा. 1932 साली आलेला रेफरन्स 96, म्हणजे 96 नंबरचं मॉडेल, हा त्या घराण्याचा मूळ पुरुष. गोल केस, जेमतेम 31 मिमी, टोकदार पैलूदार काटे, साध्या कांडीसारख्या खुणा आणि सहाच्या वर छोटा सेकंदाचा काटा. बाकी काही नाही. मला आवडलेली गंमत वेगळीच आहे. त्याच वर्षी ही कंपनी विकत घेतली ती स्टर्न बंधूंनी, आणि त्यांचा मूळ धंदा होता डायल बनवण्याचा. कंपनीला डायल पुरवणारेच मालक झाले!

याच घराण्यातल्या काही घड्याळांवर ‘क्लू द पारी’ (पॅरिसचे खिळे) नावाची नक्षी असते, म्हणजे बारीक पिरॅमिडसारख्या टोकांची जाळी. घरी ती जमणार नाही, त्याला खास यंत्र लागतं. पण आपल्याकडे धातूवर एकसारखे ठसे उठवायची कला आहेच की! पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन उभे राहा. पेशवाईपासून तिथे तांब्याच्या भांड्यांवर ठोकून ठोकून मठार काढतात. बंबावर, घंगाळावर जी चमकती ठोक्यांची नक्षी दिसते ना, तीच. पॅरिसच्या खिळ्यांच्या जागी मठार, एवढाच माझा बदल.

दोन गोष्टींचा मोह टाळा. एक, कुणाचंही नाव किंवा चिन्ह डायलवर टाकू नका. गोल केस आणि टोकदार काटे कुणाच्या बापाचे नाहीत, पण नाव आणि चिन्ह आहे. खोटं चिन्ह लावलेला माल विकणं हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. “मी थोडाच विकणार आहे” असं सगळेच म्हणतात, मग मित्र मागतो. दुसरा मोह, खाली बारीक अक्षरात ‘स्विस मेड’ लिहिण्याचा. 2017 पासून त्यासाठी उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला असावा लागतो. आपला तांबट आळीतला आहे.

2. काय काय लागेल

मशीन: एनएच 38. सायको समूहाचंच जपानी मशीन आहे, ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं. 24 ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला 21,600 ठोके, पूर्ण चावी दिली की साधारण 41 तास चालतं. याचा थोरला भाऊ एनएच 35 जास्त मिळतो, पण त्याला तारखेची चकती असते. तारखेची खिडकी नसलेल्या डायलखाली तो बसवला तर चावी ओढताना मध्येच एक रिकामा खटका लागतो, जो कुणाच्याच कामाचा नाही. चालतं, पण खुपतं. 38 मध्ये तारीखच नाही.

केस: 36 ते 38 मिमी, ‘एनएच साठी’ असं स्पष्ट लिहिलेली, 28.5 मिमी डायल बसणारी, मागे काच असेल तर उत्तम. एक कबूल करून टाकतो, मूळ घड्याळाचा सडपातळपणा मिळणार नाही. हे मशीनच 5.32 मिमी जाड आहे. मियोटा या दुसऱ्या जपानी कंपनीचं 9015 घेतलंत तर 3.9 मिमीत काम होतं, पण ते महाग आणि त्याचे काटे वेगळ्या मापाचे. पहिल्या घड्याळाला त्या वाटेला जाऊ नका.

काटे: वर सांगितलेले टोकदार पैलूदार काटे ‘डॉफीन’ म्हणून मिळतात. भोकांची मापं बघून घ्या. तास 1.5, मिनिट 0.9, सेकंद 0.2 मिमी. मापं जुळत नसतील तर फोटो कितीही सुंदर असो, हात लावू नका. लांबीही बघा. माझा तास काटा 8.5 मिमी आणि मिनिट काटा 12.5 मिमी आहे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

स्टेम आणि चावी: चावी म्हणजे क्राऊन, स्टेम म्हणजे तिची दांडी. स्टेम दोन मागवा. दोनच. का ते सातव्या पायरीत कळेल.

तांबं: 0.5 मिमी पत्रा, तळहाताएवढा तुकडा. भंगाराच्या दुकानात नको, भांडीवाल्याकडून कात्रण मागून घ्या. आणि चार खुणांसाठी 1 मिमी चौकोनी पितळी तार, वीतभर पुरे.

हत्यारं: सोनारी करवत आणि तिची बारीक पाती, सुई कानस, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी), ड्रिल, 1 आणि 2 मिमीची बिटं, चकचकीत गोल तोंडाचा छोटा हातोडा, लोखंडी ऐरण, लाकडी मोगरी. घड्याळाच्या बाजूने म्हणाल तर दहापट भिंग, दोन चिमटे (एक टोकदार, एक जरा बोथट), मशीन धरायची प्लास्टिकची बैठक, काटे बसवायचा प्रेस, हवेचा रबरी फुगा, बोटांना घालायच्या रबरी टोप्या, डायल डॉट म्हणजे दुहेरी चिकट बारीक टिकल्या, आणि धूळ उचलायचा चिकट गोळा. हातोड्याचं तोंड आरशासारखं घासलेलं हवं. त्यावर ओरखडा असेल तर तो प्रत्येक ठोक्यात उमटतो.

मला मशीन सव्वाचार हजारांना पडलं, केस साडेतीन हजारांना, काटे सहाशेला. हत्यारांचे तीनेक हजार वेगळे, पण ती एकदाच. तांब्याचे पैसे भांडीवाल्याने घेतलेच नाहीत.

3. भाग मागवणं आणि कागदपत्रं

पूर्वी हौशी लोक हे सगळं अलीएक्सप्रेसवरून मागवायचे. नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्याकडे त्या अॅपवर बंदी आली, त्यामुळे आता दोन रस्ते. भारतातला विक्रेता, जो थोडं जास्त घेतो पण भाग चार दिवसांत दारात येतो. किंवा परदेशी विक्रेता. परदेशातून येणारं पार्सल असेल तर कुरिअरवाले केवायसी मागतात. आधार किंवा पॅनची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि खरेदीचं बिल आधीच एका फोल्डरमध्ये ठेवा. कस्टम ड्युटी आणि वर कुरिअरचं हाताळणी शुल्क धरूनच भावाची तुलना करा. मी पहिल्यांदा हे धरलं नव्हतं, आणि सहाशेच्या काट्यांवर जवळजवळ तेवढेच पैसे दारात मोजले.

एका विक्रेत्याने मला 38 म्हणून 35 पाठवलं होतं. पाकीट फोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ चालू करा. तो व्हिडिओ नसता तर माझं कुणी ऐकलं नसतं.

मुंबईत असाल तर चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक चक्कर मारायला हरकत नाही, पण बघायला. तिथल्या जुन्या घड्याळांत पुष्कळ डायल नव्याने रंगवलेल्या असतात. जगभरचे संग्राहक अशा भडक रंगवलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. तुम्हाला मात्र डायल रंगवताना काय करू नये याचा उत्तम धडा तिथे फुकट मिळतो.

आणि कृपा करून घरातलं आजोबांचं एचएमटी फोडू नका. मशीनसाठी एचएमटीचं जनता किंवा पायलट मॉडेल उघडायचा विचार प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात येतो, माझ्याही आला होता. सिटिझनच्या मदतीने 1961 साली बंगळूरला सुरू झालेला तो कारखाना 2016 मध्ये कायमचा मिटला. चालू एचएमटी आहे तसंच हातात घाला.

4. पत्रा मऊ करणं आणि मठार

इथे घाई नको, सगळं घड्याळ या पायरीवर उभं आहे.

विकतचा पत्रा कडक असतो. गॅसच्या शेगडीवर चिमट्यात धरून तो काळोखात मंद लाल दिसेपर्यंत तापवा आणि सरळ पाण्यात टाका. लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. वर काळी खपली येते. ती काढायला चिंच आणि मीठ, घरात तांब्याला लावतो तेच. दहा मिनिटं चोळलं की आतून गुलाबी पत्रा निघतो.

आता डायल कापायची नाही. आधी ठोकायचं, मग कापायचं. मी पहिल्या वेळी उलट केलं. सुबक गोल चकती कापली आणि ठोकायला घेतली, तर ती वाटीसारखी वाकलीच, शिवाय पसरून अंडाकृती झाली. ठोक्याने धातू पसरतो. म्हणून साधारण 50 मिमीच्या चौकोनावर काम करा.

मी तुकडा घेऊन तांबट आळीत गेलो होतो. एक आजोबा कळशीच्या पोटावर ठोकत बसले होते. तुकडा बघून म्हणाले, “एवढुसा? याचं काय करणार, टिकली?” घड्याळ म्हटल्यावर हसले. मग त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि दाखवलं. मनगट हलवायचं नाही, हातोडा एकाच जागी वर-खाली होतो आणि सरकतो तो पत्रा. मी उलट करत होतो, पत्रा स्थिर आणि हातोडा फिरता, त्यामुळे प्रत्येक ठोका वेगळ्या कोनात पडायचा. “हात शोधत गेला की ठोका चुकतो,” असं म्हणून त्यांनी दोन रांगा काढून दिल्या. माझ्या डायलवर एका बाजूला त्या दोन रांगा अजून ओळखू येतात. बाकीच्यांपेक्षा सरळ आहेत.

कामाचा क्रम असा. मध्यबिंदू खुणवा आणि त्याभोवती 6 मिमी व्यासाचं वर्तुळ आखा. ते कोरं सोडायचं. मग त्याच्या बाहेर गोलाकार रांगांनी ठोके घ्या, हलके आणि एकमेकांना अर्धे खेटून. बाहेरचा एक मिलिमीटरभर काठही कोरा ठेवा, तो केसमध्ये टेकतो. तीन-चार फेऱ्यांनंतर पत्रा पुन्हा कडक होतो, आवाजच बदलतो, ठण्ण वाजायला लागतो. तेव्हा थांबून परत तापवा. न तापवता दामटलंत तर कडेला चीर जाते.

मधलं कोरं वर्तुळ शोभेसाठी नाही. तास काट्याची नळी डायलच्या भोकातून वर येते, आणि डायल मध्यभागी जाड झाली तर काटा नीट बसायला जागा उरत नाही. तिथली जाडी व्हर्नियरने मोजा, 0.5 मिमीच्या वर नको, थोडी कमीच बरी. जास्त वाटली तर बारीक पॉलिश पेपरवर मागची बाजू घासून कमी करा. शेवटी पत्रा उलटा करून लाकडावर ठेवा आणि मोगरीने सपाट करा. काचेवर ठेवून चारी बाजूंनी डोलतो का बघा. डोलला तर पुन्हा.

5. गोल कापणं

कंपासने 28.5 मिमीचं वर्तुळ आखा. आधी मध्यभागी 1 मिमी भोक आणि मग तेच 2 मिमीने मोठं करा. एकदम मोठं बिट घातलं तर तांबं बिटाला गुंडाळतं आणि पत्रा हातातून फिरतो, बोट कापतं. खाली लाकूड, हातात पक्कड, डोळ्याला चष्मा. सोनारी करवतीने रेषेच्या एक मिमी बाहेरून कापा.

आता युक्ती. मधल्या भोकात 2 मिमीचा स्क्रू घाला, दोन्ही बाजूंनी वायसर आणि नट आवळा, आणि तो स्क्रू ड्रिलमध्ये पकडा. ड्रिल हळू फिरवत कडेला कानस लावा. घरातलं ड्रिल असं लेथ होतं. दर अर्ध्या मिनिटाला व्हर्नियर लावा आणि 28.5 ला थांबा. रिकाम्या केसमध्ये बसवून बघा. हलकी खुळखुळली तरी चालेल, पण जोर लावून बसत असेल तर अजून कानस हवी.

मागच्या बाजूला टोकदार सुईने 12–6 ची आणि 3–9 ची रेघ कोरून ठेवा. आत्ता नाही कोरली तर शेवटी बारा नक्की कुठे हे शोधत बसाल.

मग टूथब्रश आणि भांडी घासायच्या साबणाने डायल स्वच्छ धुवा. कानशीचा एक कणही मशीनमध्ये गेला तर घड्याळ थांबतं. हे सगळं ठोकाठोकीचं काम मशीनपासून दूर करा, दुसऱ्या खोलीतच.

6. रंग, लॅकर आणि खुणा

कोरं तांबं आठवडाभरात काळवंडतं. म्हणून आपल्याला हवा तो रंग आपणच आणायचा आणि लॅकरने बंद करायचा.

मला गडद तपकिरी हवा होता. त्याचा घरगुती उपाय म्हणजे उकडलेलं अंडं. कडक उकडून कुस्करा, गरम असतानाच झाकणाच्या डब्यात टाका, आणि डायल शेजारी ठेवून झाकण लावा. डायल अंड्याला लागता कामा नये. अंड्यातून निघणारा गंधकाचा वायू तांब्याला तपकिरी करतो. दर दहा मिनिटांनी उघडून बघा. पाऊण तासात माझा रंग आला. आमच्याकडे सोवळंओवळं नसलं तरी अंडं घरात शिजत नाही, त्यामुळे हे बाल्कनीत शेजारच्यांच्या शेगडीवर झालं. पुढे महिनाभर त्यांनी मला ‘डायल ऑम्लेट’ म्हणून हाक मारली.

रंग आल्यावर पॉलिशच्या मऊ कापडाने फक्त वरून हलकं पुसा. ठोक्यांच्या कडा उजळतात, खळगे गडद राहतात. मठार खऱ्या अर्थाने इथे दिसतो.

क्लिअर लॅकरचा स्प्रे फूटभर अंतरावरून, पातळ, तीन हात द्या. दोन हातांत अर्धा तास अंतर. मागची बाजूही लॅकर करा, नाहीतर तिथून सुटलेली काळी पूड मशीनवर पडते. पावसाळ्यात हे काम करू नका. हवेत ओल असली की लॅकर दुधासारखा पांढरट पडतो. माझा जुलैमधला प्रयत्न असाच गेला, मग दसऱ्यापर्यंत थांबलो. पूर्ण सुकायला दोन दिवस द्या. बोट लावून बघू नका, ठसा उमटतो आणि जात नाही.

खुणा मी चारच ठेवल्या. 12, 3, 6, 9. पितळी तारेचे 3.5 मिमीचे तुकडे, उंची कानशीने 0.4 मिमीवर आणलेली. बसवायच्या जागी डायल किंचित सपाट घासा आणि दोन ट्यूब मिसळायच्या इपॉक्सीने चिकटवा, काडीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, त्याची वाफ आजूबाजूला पांढरा धुरकट डाग धरते आणि लॅकर खराब होतो.

आता ते आकडे. खूण मध्यापासून 9.5 मिमीवर सुरू होऊ द्या. तास काटा 8.5 चा, म्हणजे तो खुणेपर्यंत पोचतच नाही. मिनिट काटा पोचतो, पण तो वरच्या मजल्यावरून जातो. माझ्या पहिल्या घड्याळात खुणा 7 मिमीपासून होत्या आणि सहाची जरा उंच राहिली होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

7. स्टेम कापणं

मशीन केसमध्ये प्लास्टिकच्या रिंगसकट बसवा, स्टेम आत सरकवा, खटका बसेल. आता बाहेर किती दांडी उरली ते मोजा, चावी केसला टेकली पाहिजे त्या हिशेबाने किती कापायची ते काढा, आणि त्यापेक्षा एक मिमी लांब कापा. मग कानस लावा, चावी फिरवा, बसवून बघा. पुन्हा काढा, पुन्हा कानस. मला अकरा वेळा करावं लागलं. दांडी आखूड झाली की परत लांब करता येत नाही, म्हणून दोन.

स्टेम काढायला मशीनच्या पाठीमागे दांडीजवळ एक बारीक खळगी असते, तिथे टोकदार हत्याराने हलकंसं दाबत दांडी ओढायची. सगळ्यात जास्त मशीनं नवशिके इथेच बिघडवतात. जोर जास्त झाला तर आतला खटका जागा सोडतो आणि चावी ओढली तरी काटे फिरत नाहीत. तो परत बसवायला काटे आणि डायल काढून सगळं उघडावं लागतं. म्हणूनच हे काम डायल बसवण्याआधी करून टाकायचं. बिघडलंच तर अजून काही गमावलेलं नसतं.

8. डायल आणि काटे

पंखा बंद. खरंच बंद. टेबलावर मोठी परात, तिच्यात पांढरं कापड, आणि सगळं काम परातीच्या आत. बारीक भाग उडाला तर परातीच्या काठाला आपटून आतच पडतो. पंख्याच्या वाऱ्यावर गेलेला माझा एक सेकंद काटा अजून घरातच आहे कुठेतरी.

मशीनच्या कडेच्या प्लास्टिक रिंगवर डायल डॉट लावा, चार पुरे. डायल वरून ठेवा, मागच्या रेघांच्या हिशेबाने 3 चावीसमोर येऊ द्या. मधल्या भोकातून नळी बरोबर मधोमध दिसते का ते भिंगातून बघा. एका बाजूला टेकली असेल तर सरकवा, मग दाबा.

तास काटा बाराच्या खुणेवर ठेवून प्रेसने सरळ खाली दाबा. मग मिनिट काटा, तोही बारावर. चावी फिरवत बारा तास पूर्ण काढा. प्रत्येक तासाला मिनिट काटा बारावर असताना तास काटा बरोबर जागी येतो का, आणि दोन काट्यांमध्ये सगळीकडे प्रकाशाची फट दिसते का, ते बाजूने बघा. फट गेली तिथे घड्याळ थांबणार.

सेकंद काटा? माझा सल्ला, पहिल्या घड्याळाला बसवूच नका. 0.2 मिमीचं भोक, आणि ते ज्या टोकावर बसवायचं ते केसापेक्षा थोडंच जाड. जरा तिरपं दाबलं तर टोक वाकतं. दोन काट्यांचं घड्याळ दिसायलाही शांत दिसतं, आणि मूळ कालात्राव्हाला मधला सेकंद काटा नव्हताच. मधे सुईच्या टोकाएवढी पिन दिसते, कुणाचं लक्ष जात नाही. तिसऱ्या घड्याळाला मी हौसेने काटा आणला आणि शेवटी आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेला. त्यांनी चहा पिता पिता, प्रेस न वापरता, चिमट्याच्या मागच्या टोकाने तो बसवला आणि वीस रुपये घेतले. म्हणाले, “डायल कुणाची?” मी म्हटलं, माझी. त्यांनी भिंग काढलं नाही, तसंच बराच वेळ बघत राहिले.

9. केस बंद करणं आणि वेळ जुळवणं

काचेची आतली बाजू चिकट गोळ्याने टिपा, फुग्याने हवा मारा, लगेच मशीन आत सोडा. उलटं धरून बघा. एखादा कण दिसणारच. काढा, पुन्हा करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. मागच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा आणि झाकण आवळा. पाण्याचं म्हणाल तर हात धुताना चालेल. दाब तपासून घेतल्याशिवाय पोहायला नेऊ नका.

वेळेसाठी मोबाइलवर ठोके ऐकून मोजणारी अॅप मिळतात. त्यात लिफ्ट अँगल (अॅपला हिशेबासाठी लागणारा, या मशीनचा ठरलेला आकडा) 53 टाका. पूर्ण चावी द्या, दिवसभर घाला, मग मोजा. कंपनीच या मशीनला दिवसाला उणे 20 ते अधिक 40 सेकंद इतकी मुभा देते, त्यामुळे अधिक दहा-पंधरा दिसले तर हात लावू नका. जास्तच असेल तर बॅलन्सजवळ, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाजवळ, दोन बारीक दांड्या दिसतील. वेग बदलणारी एकच आहे, दुसरी ठोक्यांचा समतोल बिघडवते. कोणती कोणती याची खात्री होईपर्यंत स्पर्श नको. बरोबर दांडी सापडली की ती सरकवायची नसते, नुसती सरकल्यासारखी वाटली पाहिजे.

पट्टा मी कोल्हापुरी चपलांचं चामडं वापरणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. घेताना लगमधलं, म्हणजे केसच्या पट्टा अडकवायच्या कानांमधलं, अंतर मोजून घ्या, माझ्या केसचं 18 मिमी आहे. चामडं कोरं आणि जाड असतं, पहिले पंधरा दिवस मनगटाला बोचतं. खोबरेल तेलाचा हात दिला की मऊ पडतं, पण तेल केसच्या फटीत जाऊ देऊ नका, पट्टा काढून लावा.